बांधलेली लेस पुन्हा बांधायला लावणारे कोच

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. मुलगी दहा वर्षांची, सॉफ्टबॉलची टेन-यू रेक लीग, म्हणजे दहा वर्षांपर्यंतच्या मुलींची गावातली हौशी लीग, सेमीफायनल. तुमची टीम होम टीम, म्हणजे बॅटिंग नंतर. चौथ्या इनिंगचा बॉटम, म्हणजे दुसरा अर्धा भाग चालू, तुम्ही ८-५ ने मागे, दोन आऊट, तुमची मुलगी फर्स्ट बेसवर. पंचाहत्तर मिनिटांची लिमिट, त्यानंतर नवीन इनिंग सुरू करायची नाही. साडेतीन मिनिटं शिल्लक असताना समोरचा कोच पिचरच्या सर्कलमध्ये जाऊन पिचरशी, म्हणजे बॉल टाकणाऱ्या मुलीशी, गप्पा मारून आला, मग पिचरच बदलली, मग कॅचरच्या पायाचं गार्ड सुटलं, मग बॅटर उभी राहिल्यावर परत कोणाची तरी बुटाची लेस. आणि इकडे तुमचा कोच तुमच्याच मुलीला ओरडून सांगतोय की बेस सोड, सोड बेस, म्हणजे ती मुद्दाम आऊट होईल आणि पाचवी इनिंग वेळेत सुरू होईल. तिला काही कळेना, ती बेसला चिकटून उभी राहिली आणि रडायला लागली. शेवटी तिसरा स्ट्राइक पडून बॅटर आऊट झाली तेव्हा अंपायरच्या घड्याळात वीस सेकंद जास्त झाले होते. गेम संपली. आता तुम्ही विचारताय चूक कोणाची, अंपायरने काही करायला हवं होतं का, प्रोटेस्ट करता येतो का, आणि पोरीला काय सांगायचं.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. शाळेत असताना जळगावला सॉफ्टबॉल खेळलो, इथे न्यू जर्सीत आल्यावर मुलीच्या टीमला सहा वर्षं कोचिंग केलं आणि ती मोठी होऊन खेळ सोडून गेली तरी मी काही सुटलो नाही, तेव्हापासून शनिवार-रविवार अंपायरिंग करतो. म्हणजे या भांडणाच्या तिन्ही बाजूंना उभा राहिलोय, आईबापांच्या खुर्चीत, कोच म्हणून डगआऊटमध्ये आणि अंपायर म्हणून प्लेटच्या मागे. आणि हो, वेळकाढूपणा मी स्वतःही केलाय, तो किस्सा पुढे येईलच.

मुळात सॉफ्टबॉलला घड्याळ नाहीये हे आधी डोक्यात घ्या. नियमाने गेम सात इनिंगची, लिटल लीगची असेल तर सहा. प्रत्येक टीमला प्रत्येक इनिंगमध्ये तीन आऊट मिळणार म्हणजे मिळणार, कोणी ते पळवू शकत नाही, तेच तर या खेळाचं सौंदर्य आहे की शेवटचा आऊट पडेपर्यंत मागे पडलेली टीमसुद्धा जिवंत असते. पण दहा वर्षांच्या मुली पस्तीस फुटांवरून अकरा इंची बॉल टाकतात तेव्हा काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल, चार बॉल वॉक (चार चुकीचे पिच पडले की बॅटर फुकट फर्स्ट बेसवर), परत चार बॉल वॉक, एक पासबॉल, कॅचर मागे जाळीपर्यंत पळतेय, आणि एकेक इनिंग पंचवीस मिनिटं चालते. आणि फील्ड तर गावाच्या पार्क खात्याचं, परमिटवर मिळालेलं, शनिवारी एका फील्डवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच-सहा गेम लावलेल्या. पुढच्या दोन टीम कुंपणाबाहेर वॉर्मअप करत उभ्या असतात. म्हणून लीगने घड्याळ आणलं. खेळासाठी नाही, पार्किंगसाठी आणलं असं मी गमतीने म्हणतो पण ते फारसं खोटंही नाही.

हे घड्याळ दोन प्रकारे लावतात. एक म्हणजे ड्रॉप डेड, वेळ संपली की जिथे असाल तिथे गेम बंद, आणि बऱ्याच टूर्नामेंटमध्ये मग स्कोर मागच्या पूर्ण झालेल्या इनिंगचा धरतात. दुसरा तुमच्या लीगचा, नो न्यू इनिंग. चालू इनिंग पूर्ण करायची, पण वेळ संपल्यावर नवीन चालू करायची नाही. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेक आईबापांना माहीत नसते, की नवीन इनिंग कधी चालू झाली असं धरतात? टीम मैदानात आल्यावर नाही, पहिला पिच पडल्यावर नाही, तर मागच्या इनिंगच्या बॉटममधला तिसरा आऊट पडला त्याच क्षणी. म्हणजे घड्याळात चौऱ्याहत्तर मिनिटं एकोणसाठ सेकंद असताना तिसरा आऊट झाला तर पूर्ण एक इनिंग अजून खेळायची. दोन सेकंद उशीर झाला की घरी जा.

आता या एका ओळीने खेळाची गंगा उलटी कशी वाहायला लागते बघा. तुमच्या गेममध्ये समोरची टीम पुढे होती आणि फील्डिंग करत होती. एरवी फील्डिंगवाल्या टीमला आऊट हवा असतो, पण त्या साडेतीन मिनिटांत त्यांना आऊट नकोच होता, निदान लगेच तरी नको होता. आणि तुम्ही बॅटिंग करत होता, एरवी तुम्हाला आऊट नको असतो, पण तुमच्या कोचने हिशोब केला असणार की बॅटिंग ऑर्डरच्या शेवटच्या मुली चालू आहेत, तीन रन इथे निघणार नाहीत, त्यापेक्षा आत्ता आऊट व्हा, पाचवी इनिंग मिळवा, तिथे आपल्या चांगल्या बॅटर वर येतील. म्हणजे एक टीम आऊट टाळतेय आणि दुसरी आऊट मागतेय, आणि दोघींचे रोल अदलाबदल झालेत. होम टीम पुढे असली की याच्या बरोबर उलटं, मग होमवाल्या बॉटममध्ये बॅटिंग लांबवत बसतात, प्रत्येक पिचला बॅटर बॉक्सच्या बाहेर येणार, कोचकडे सिग्नलसाठी बघणार, ग्लोव्हजचं वेल्क्रो सोडणार परत लावणार, आणि समोरची पिचर बिचारी पटापट स्ट्राइक टाकायला बघतेय. मी प्लेटमागून हे बघतो तेव्हा मला आमच्या गल्लीतलं टॅम्प्लीज आठवतं. पळापळीत आऊट व्हायची वेळ आली की मूठ तोंडाशी धरून टॅम्प्लीज म्हणणारा एक जण प्रत्येक गल्लीत होता, आणि त्याला दोन-तीनदा चालवून घेऊन मग सगळे मिळून रडीचा डाव खडी म्हणून हाकलायचे. तिथे अंपायर नव्हता तरी निकाल लागायचा.

कबड्डी बघणाऱ्यांना हे नवीन नाही. पुढे असलेल्या टीमचा रेडर यायचा, निदानरेषा ओलांडायचा आणि तीस सेकंद कबड्डी कबड्डी म्हणत हात हलवून परत जायचा. त्यावर भाषणं देऊन उपयोग झाला नाही, डू ऑर डाय रेडचा नियम आणला तेव्हा फरक पडला, सलग दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात पॉइंट आणा नाहीतर बाहेर जा. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्येही तेच. वर्षानुवर्षं सगळे म्हणत होते गेम लांबतात, बॅटर दर पिचला फिरून येतो, पिचर हाताला रोझिनची पूड चोळत बसतो, आणि २०२३ मध्ये पिच क्लॉक लावलं तर नऊ इनिंगच्या गेमची सरासरी साधारण तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. एका सीझनमध्ये. हे मी मुद्दाम सांगतोय कारण रेक लीगमध्ये असा काही प्रकार झाला की लगेच संस्कार, व्हॅल्यूज वगैरे चर्चा चालू होते आणि ज्या नियमाने हे सगळं घडवलं तो नियम तसाच राहतो.

पण एक मिनिट, समोरच्या कोचवर तुटून पडायच्या आधी, संथ आणि वेळकाढू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांच्या मुली संथच असतात. कॅचरचं सामान बघा, दोन्ही पायांना गार्ड, त्याला तीन-चार हुक, छातीचं वेगळं, हेल्मेट, त्यात पोनीटेल अडकते. ती बॅटिंग करून बेसवर अडकली असेल तर सगळं परत चढवायला दोन मिनिटं जातातच, म्हणूनच तर कॅचरच्या जागी कर्टसी रनर, म्हणजे बेसवर दुसरी मुलगी पळवायची सोय आहे, शहाणा कोच ती वापरतो. पिचर बदलणं पण टेन-यूमध्ये रोजचं आहे, सलग चार वॉक दिल्यावर पोरीचे डोळे भरून येतात तेव्हा बदलायचीच असते. मग मी कसं ओळखतो? पहिल्या इनिंगशी तुलना करतो. जी टीम पहिल्या इनिंगला पळत मैदानात आली, जिच्या कॅचरला तिथे एकदाही गार्ड नीट करावं लागलं नाही, तिचं सगळं सामान नेमकं सत्तराव्या मिनिटाला ढिलं होत असेल तर मला दुसरा पुरावा लागत नाही. आणि कोच चालतो कसा ते बघतो. पिचरची खरी काळजी असलेला कोच झपाझप जातो. वेळ काढणारा फाऊल लाइनवर पाय न पडेल अशी काळजी घेत, खाली बघत, रमतगमत जातो, जाताना शॉर्टस्टॉपच्या फील्डरलाही बोलावतो.

अंपायरकडे काय होतं? बरंच काही. यूएसए सॉफ्टबॉलचं पुस्तक घ्या किंवा हायस्कूलवालं एनएफएचएसचं घ्या, मूळ गोष्टी सारख्याच आहेत. पिचरच्या हातात बॉल आल्यावर वीस सेकंदांत टाकायचा, नाही टाकला तर बॅटरला एक बॉल फुकट. बॅटरला अंपायरने बोलावल्यावर दहा सेकंदांत बॉक्समध्ये उभं राहायचं, नाही राहिली तर स्ट्राइक. नवीन पिचरला एक मिनिट आणि जास्तीत जास्त पाच वॉर्मअप पिच, यातलं जे आधी संपेल ते, हे लोक विसरतात, पाच पिच म्हणजे कितीही वेळ नाही. बॅटिंग टीमला इनिंगमध्ये एकच चर्चा, म्हणजे कोचने खेळ थांबवून खेळाडूंशी बोलणं. फील्डिंग टीमला हायस्कूलच्या नियमात सात इनिंगमध्ये तीन, त्यापुढे गेलात तर पिचर काढावी लागते. अर्थात चर्चा करून शेवटी पिचर बदलली तर ती चर्चा मोजत नाहीत, म्हणजे तुमच्या समोरच्या कोचने आधी बोलून मग पिचर बदलली ते सरळ पुस्तकातलं आहे, त्यात धरायला काही नाही. आणि सगळ्यात मोठं हत्यार, जे दोन्ही पुस्तकांत आहे, की गेम लांबवण्यासाठी किंवा घाईने संपवण्यासाठी मुद्दाम केलेले प्रकार दिसले तर अंपायर गेम फॉरफिट करू शकतो, म्हणजे ती टीम हरली असं जाहीर करू शकतो. लांबवण्यासाठी आणि घाई करण्यासाठी, दोन्ही, हे नीट वाचा, कारण तुमचा कोच पण याच वाक्यात येतो.

आता खरं सांगू का, दहा वर्षांच्या मुलींची सेमीफायनल कोणताही अंपायर फॉरफिट करत नाही. मी इतक्या वर्षांत एकदाही केलेली नाही. डास मारायला तोफ लावल्यासारखं ते. मी काय करतो तर प्लेट मीटिंगलाच, म्हणजे गेमच्या आधी दोन्ही कोचला बोलावतो तेव्हाच सांगतो की घड्याळ माझं, शेवटच्या दहा मिनिटांत टाइम मागितलात तर कारण विचारेन. एवढ्यानेच अर्धं काम होतं. टाइम देणं अंपायरच्या हातात असतं हे बऱ्याच कोचनाही माहीत नसतं, ते हात वर करून सरळ चालायला लागतात, त्यांना वाटतं टाइम हा हक्क आहे. लेसचं नाटक दिसलं की मी मुलीला काही बोलत नाही, कोचकडे बघून म्हणतो कोच, पुढचं मी मोजतोय. आमच्या लीगने काही सीझनपूर्वी अजून एक गोष्ट केली, अंपायरला घड्याळ थांबवायचा अधिकार दिला. कॅचरचं गार्ड सुटलं? काही हरकत नाही बाळा, नीट लाव, सावकाश लाव, मी घड्याळ थांबवलंय. विश्वास बसणार नाही इतक्या पटकन गार्ड लागतं मग.

तुमचा अंपायर कोण होता मला माहीत नाही पण रेक लीगमध्ये बऱ्याचदा चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं असतं, उन्हाळ्याचा पॉकेटमनी कमावतंय, आणि त्याच्यासमोर चाळीस वर्षांचे दोन बाप्ये ओरडतायत. त्याच्याकडून वीस सेकंदांचा नियम लावायची अपेक्षा करणं म्हणजे जरा जास्तच. तसं असेल तर त्याच्यावर राग काढू नका प्लीज, अशा मुलांनी एका सीझननंतर काम सोडलं की आम्हा म्हाताऱ्यांनाच दिवसात चार गेम उभं राहावं लागतं आणि माझे गुडघे आता ऐकत नाहीत.

बरं, आता चूक कोणाची. नियमपुस्तक दोघांना एकाच मापाने मोजतं पण मी मोजत नाही. माझा हिशोब असा आहे की कोच स्वतः चालत गेला, स्वतःची चर्चा वापरली, पिचर बदलली, तर तो त्याच्या हक्काच्या वस्तू वापरतोय, मला ते दिसायला आवडत नाही, टेन-यूमध्ये तर अजिबात नाही, पण फसवणूक म्हणणार नाही. पण ज्या क्षणी तो ते काम एका पोरीच्या हातून करून घेतो, तिला खोटी लेस बांधायला लावतो, खोटं गार्ड सुटायला लावतो, तिथे रेषा ओलांडली. आणि मग तुमच्या कोचचं काय? त्याने तर फर्स्ट बेसवर उभ्या असलेल्या मुलीला सांगितलं की तू आऊट हो. या हिशोबाने तुमचा कोच जास्त चुकला, ताई. वाईट वाटेल पण तसंच आहे.

ती युक्ती नवीन नाही, मी ती अनेकदा बघितलीय. फास्टपिचमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही, सोडला तर रनर आऊट, बॉल डेड. आणि पिचरच्या हातात सर्कलमध्ये बॉल असताना थांबलेल्या रनरने बेस सोडला तरी आऊट. म्हणजे बॅटरने स्विंग करून तीन स्ट्राइक खाण्यापेक्षा हा शॉर्टकट, एका सेकंदात आऊट मिळतो. ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे बाहेरगावी टूर्नामेंट खेळणाऱ्या, चौदा-सोळा वर्षांच्या मुलींना हे माहीत असतं, त्या डोळा मारून बेस सोडतात, आणि मला आऊट द्यावाच लागतो, मी देतो आणि मग कोचला वॉर्निंग देतो. पण दहा वर्षांच्या मुलीला तुम्ही सीझनभर काय शिकवलंत? बॉल सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही. प्रत्येक प्रॅक्टिसला, प्रत्येक गेमला. भोज्याला हात लावून उभं राहा. आणि मग एका शनिवारी अचानक सगळ्यांसमोर ओरडून सांगता सोड. ती घोटाळणार नाही तर काय करणार? मला तर तिचं कौतुक वाटतं, कॉन्ट्राडिक्टरी ऑर्डर आल्यावर जी गोष्ट तिला पक्की माहीत होती ती तिने धरून ठेवली. अंपायर म्हणून सांगतो, त्या मैदानावर त्या तीन मिनिटांत नियमाप्रमाणे सरळ खेळणाऱ्यांत तुमची मुलगी होती.

आता माझा किस्सा. माझी मुलगी बारा वर्षांच्या टीममध्ये होती तेव्हा, शेवटची गेम, आम्ही एका रनने पुढे, फील्डिंग करत होतो, चार मिनिटं राहिली होती. मी सर्कलमध्ये जाऊन आलो होतो, दुसरं काही शिल्लक नव्हतं. सेकंड बेसला एक शांत मुलगी होती, तिला मी खूण केली, बुटाकडे बोट दाखवलं. ती बुटाकडे बघायला लागली. मी परत खूण केली. तिने मोठ्याने विचारलं, कोच, बांधलेलीच आहे. दोन्हीकडच्या डगआऊटला ऐकू गेलं. मग मी काय करावं, तर मी मान हलवून परत बुटाकडेच बोट दाखवलं. तिला कळलं मग. ती खाली बसली, बांधलेली लेस आधी सोडली, आणि मग परत बांधली. बघा, ती खोटं बोलू शकत नव्हती म्हणून तिने आधी लेस खरी सोडली. आम्ही जिंकलो ती गेम. हॅंडशेक लाइनमध्ये समोरचा कोच माझ्या हाताला हात लावून काहीच बोलला नाही, आणि ती मुलगी पुढच्या सीझनला आली नाही, कारण दुसरंच काहीतरी असेल, सॉकर असेल, पण माझ्या डोक्यात ते चिकटून राहिलं. मी कोचिंग सोडून प्लेटमागे आलो त्यात या प्रकाराचा वाटा आहे.

मोठ्या स्टेजवर असं झालं की काय होतं याचं उदाहरण सॉफ्टबॉलमध्येच आहे. २०१५ चा ऑगस्ट, ओरेगनमधल्या पोर्टलंडला लिटल लीग सॉफ्टबॉल वर्ल्ड सिरीज चालू होती, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुली. वॉशिंग्टन राज्यातली साऊथ स्नोहोमिशची टीम पूल प्लेमधली, म्हणजे गटातली, शेवटची गेम नॉर्थ कॅरोलायनाच्या टीमशी खेळत होती आणि त्या आधीच पुढच्या फेरीत गेल्या होत्या. ती गेम त्या हरल्या तर आयोवाची टीम बाहेर जाणार होती, असं गणित होतं. त्यांनी आपल्या चांगल्या खेळाडू बसवल्या, मुली बंट करत राहिल्या, म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता अडवत राहिल्या, आणि ०-८ ने हरल्या. आयोवाने तक्रार केली, मुद्दाम हरल्याचा आरोप झाला, आणि लिटल लीगने निकाल असा दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी साऊथ स्नोहोमिश आणि आयोवा या दोन टीमनी एक गेम खेळायची, जिंकेल ती पुढे. आयोवा ३-२ ने जिंकली. डोक्यात गणित कोणाचं होतं? मोठ्यांचं. पण बंट करताना टीव्हीवर कोण दिसलं, आणि घरी कोणाला जावं लागलं? मी यात अजून एक गोष्ट बघतो, की पूल प्लेचे टायब्रेक असे बनवले होते की हरण्यात फायदा निघाला. लंडन ऑलिम्पिकला बॅडमिंटनच्या डबल्समध्ये २०१२ साली हेच झालं होतं, चार जोड्या बाद केल्या. नियम बनवणाऱ्याने फट ठेवली की कोणीतरी त्यात बोट घालतंच.

प्रोटेस्टचं पटकन सांगतो कारण त्यात दम नाही. प्रोटेस्ट नियम चुकीचा लावला तरच होतो, अंपायरच्या नजरेच्या निर्णयावर होत नाही, आणि समोरची टीम वेळ काढतेय का हा पूर्णपणे नजरेचा निर्णय आहे. शिवाय तो पुढचा पिच पडायच्या आधी सांगावा लागतो, गेमचा शेवटचाच प्ले असेल तर अंपायर मैदान सोडायच्या आत. आता काही दिवस झाले, विषय संपला. वीस सेकंदांवर तर अजिबात जाऊ नका, अंपायरचं घड्याळ हेच ऑफिशियल, तुमच्या फोनचा टायमर नाही. फक्त एवढं बघून ठेवा की तुमच्या लीगच्या नियमात घड्याळ कधी चालू होतं, पहिल्या पिचला की प्लेट मीटिंग संपल्यावर की छापलेल्या वेळेला, कारण लीगलीगमध्ये हे वेगळं असतं आणि पुढच्या वेळी यावरूनच भांडण होईल.

कोचशी बोलायचंच तर बोला, पण गेमच्या दिवशी पार्किंगमध्ये नको. इथे बहुतेक टीममध्ये चोवीस तासांचा नियम असतो, म्हणजे गेमनंतर चोवीस तास कोचशी त्यावर बोलायचं नाही, तो चांगला आहे. आणि समोरच्या टीमबद्दल काही काढू नका, ते काढलंत की तो लगेच त्यांच्यावर घसरेल आणि तुम्ही दोघं मिळून समोरच्यांना शिव्या घालून खूश होऊन घरी जाल. फक्त आपल्या मुलीबद्दल विचारा, की हा प्ले तुम्ही प्रॅक्टिसमध्ये कधी शिकवला होता का. एवढाच प्रश्न. तो व्हॉलंटिअर आहे, कोणाचातरी बाबा आहे, ऑफिस करून येतो, बहुतेक त्यालाही आत्तापर्यंत वाईट वाटलं असेल.

खरं काम आहे ते लीगच्या बोर्डाकडे, आणि ते सीझन संपल्यावर, थंडीत जेव्हा पुढच्या वर्षाचे लोकल नियम ठरतात तेव्हा. त्या मीटिंगला कोणी जात नाही, तुम्ही जा. तिथे मी तीन गोष्टी मागेन. एक, सेमीफायनल आणि फायनलला घड्याळच नको, त्या दिवशी फील्डवर कमी गेम लावा, पण ठरलेल्या इनिंग खेळू द्या. दुसरी, बाकीच्या गेममध्ये नो न्यू इनिंगऐवजी शेवटची इनिंग जाहीर करा. म्हणजे साठ मिनिटं झाल्यावर जी नवीन इनिंग चालू होईल ती शेवटची, अंपायर दोन्ही डगआऊटला मोठ्याने सांगणार. यातही साठाव्या मिनिटाच्या आसपास कोणी थोडंफार रेंगाळेल, नाही असं नाही, पण रेंगाळून मिळतं काय? रेषा कुठल्याही बाजूला पडली तरी दोन्ही टीमला एक पूर्ण इनिंग, सगळ्यांना माहीत असलेली शेवटची बॅटिंग मिळणारच आहे, कोणाच्या हातातून ती हिसकावता येत नाही. तिसरी, अंपायरला घड्याळ थांबवायचा अधिकार, कारण पंधरा वर्षांच्या पोराला फॉरफिट करायची हिंमत होणार नाही पण घड्याळाचं बटण दाबता येतं.

आणि मुलीला काय सांगायचं. मी असतो तर स्पोर्ट्समनशिप वगैरे मोठे शब्द काढलेच नसते. तिला सांगा की बेसवर थांबलीस ते बरोबर होतं, अंपायरकाकांनी सांगितलंय म्हणून सांगा हवं तर. तिने विचारलंच की कोच का ओरडत होते, तर घड्याळाचा प्रकार जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून समजावून सांगा, दहा वर्षांच्या मुलींना हे गणित चांगलं कळतं, बहुतेक ती तुम्हाला विचारेल की मग आऊट व्हायचं असेल तर बॅटर का नाही आऊट झाली. आणि एक व्यवहाराची गोष्ट शिकवून ठेवा, की बेसवर असताना कोच काय म्हणतोय ते कळलं नाही तर प्ले थांबलेला असताना हात वर करून अंपायरकडे टाइम मागायचा आणि कोचला जवळ बोलावून विचारायचं. खेळाडूला टाइम मागता येतो. माझ्याकडे एखादी रडवेली पोरगी असा टाइम मागते तेव्हा मी देतो, सत्तराव्या मिनिटाला पण देतो, आणि घड्याळ थांबवतो.

आमच्या लीगचा घड्याळ थांबवायचा नियम चारच ओळींचा आहे. हवा असेल तर सांगा, इंग्लिशमध्ये आहे तसाच पाठवतो, बोर्डापुढे ठेवायला बरा पडेल.